वास घेऊन सांग

गेल्या हिवाळ्यात अंबाजोगाईला सरांकडे गेले होते, तेव्हा चहा झाल्यावर त्यांनी माझ्यासमोर दोन बाटल्या ठेवल्या. दोन्ही जुन्या, सरबताच्या, लेबले धुऊन निघालेली, आणि दोन्हींत पाण्यासारखे स्वच्छ काहीतरी. “जरा वास घेऊन सांग बरं, यातलं स्पिरिट कोणतं आणि टर्पेंटाइन कोणतं,” ते म्हणाले. मला हसू आले. पस्तीस वर्षांपूर्वी जिल्हा परिषदेच्या शाळेत ते आमची अशीच परीक्षा घेत असत. मी बुचे उघडली, एकीतून इंजेक्शनच्या बोळ्यासारखा थंड, पटकन उडून जाणारा वास आला आणि दुसरीतून चिडाच्या लाकडाचा जड, घशात उतरणारा. “डावीकडचं स्पिरिट,” मी सांगितले. सरांनी मान डोलावली, खिशातून सुतळीचा तुकडा काढला आणि डाव्या बाटलीच्या मानेला गाठ मारली. तेवढ्यात स्वयंपाकघरातून काकूंचा आवाज आला, “अहो, दूध लागायलंय, तुम्ही तिथंच बसलात की, कळंना का?” सर घाईने उठले. शेगडी त्यांच्या पाठीमागे चार हातांवर होती. करपलेल्या दुधाचा वास मला केव्हाचा येत होता, पण घर त्यांचे, म्हणून मी बोलले नव्हते. लातूरला परतताना एसटी रेणापूरजवळ आली आणि ती सुतळीची गाठ मनात एकदम घट्ट झाली. उत्तर ठाऊक असलेला मास्तर परीक्षा घेतो, पण तो खूण कशाला बांधून ठेवील?

सरांना वास येत नव्हता.

आम्हां मुलांना वास घ्यायला शिकवणारा हा माणूस. चित्रकलेच्या तासाला रंगपेट्या सगळ्यांकडे नसत, म्हणून असेल किंवा त्यांचा स्वभावच तसा म्हणून असेल, ते रंग बाहेरून आणत. पुड्या बांधून आणलेला गेरू, पिवडी, विटेचा भुगा, कंदिलाच्या काचेवरची काजळी, चुनकळी, बाभळीचा डिंक. आम्हांला रांगेत बसवून डोळे मिटायला लावत आणि नाकाखाली एकेक पुडी धरत. गेरूला पहिल्या पावसाच्या जवळचा पण कोरडा वास असतो, काजळीला वळचणीचा, भिजलेल्या डिंकाला किंचित आंबूस. “रंग आधी नाकानं ओळखायचा, डोळे कधीही फसतात,” हे त्यांचे वाक्य आम्हांला पाढ्यासारखे पाठ होते. एकदा त्यांनी जळत्या उदबत्तीवर काहीतरी धरले आणि मी सगळ्यांच्या आधी ओरडले, “लाख!” माझे वडील पोस्टात होते. विम्याच्या पार्सलांवर लाखेची मोहर करताना मेणबत्तीवर लाखेची कांडी वितळे, तिचा थेंब सुतळीच्या गाठीवर पडे आणि त्यात पितळी शिक्का उमटे. शाळा सुटल्यावर मी त्यांच्या टेबलाशी उभी राहून तो वास पोटभर घेत असे. सरांना कोण आनंद झाला. पळसावर, बोरीवर, कुसुंबावर लाखेचे किडे कसे बसतात, फांदीभोवती स्वतःचे लालसर कवच कसे करतात आणि ते खरवडून, वितळवून, गाळून पापडासारखी चपडी कशी होते, हे त्या दिवशी त्यांनी तासाची घंटा होऊन गेली तरी सांगितले.

निवृत्त झाल्यावर त्यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि आयुष्यभर मनात धरलेले एक चित्र करायला घेतले. मे महिन्यातले काळे रान. आपल्याकडची ती जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून इतकी उकलते की भेगेत कोपरापर्यंत हात जावा. सरांनी ती जलरंगात, तैलरंगात, कोळशाने अनेकदा काढली होती आणि प्रत्येक वेळी फाडली होती. त्यांची तक्रार एकच होती. काढलेली भेग काढलेलीच दिसते, हाताला ती कुठे वळणार हे आधीच माहीत असते, आणि रानातल्या भेगेला ते माहीत नसते. वरचा थर आकसतो, खालच्या थराला ते झेपत नाही आणि मग जमीन तिला जमेल तिथे फाटते. चित्रातली भेगही अशीच, स्वतःच्या कारणाने पडली पाहिजे, एवढ्या हट्टापायी त्यांनी मातीचे लेप करून पाहिले, तांदळाची खळ करून पाहिली, अंड्याचा पांढरा बलक करून पाहिला. शेवटी मेण आणि लाख यांवर येऊन ते थांबले. गरम मेणात रंग कालवून चित्र काढण्याची रीत फार जुनी आहे. इजिप्तमधल्या फायूमच्या ममींवर बांधलेले दोन हजार वर्षांपूर्वीचे चेहरे त्या रीतीने काढलेले आहेत आणि अजूनही ते आपल्याकडे ओल्या डोळ्यांनी बघतात. मेणावर स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपडीचा हात फिरवून तो पेटवण्याची युक्ती मात्र अलीकडच्या चित्रकारांची. ती मी कुठेतरी वाचून सरांना सांगितली. पहिली दोन किलो चपडी लातूरच्या गंजगोलाईतून मीच नेऊन दिली. लाकडाला पॉलिश करणारे जी वापरतात तीच.

ते काम किती अंगमेहनतीचे आहे, हे चित्राच्या वाटेला न गेलेल्या माणसाला सांगूनही पटणार नाही. प्लायचा चार फुटी चौकोन चुन्याचा अस्तर देऊन तयार असतो. मधमाश्यांचे मेण साधारण ६४ अंशांवर वितळते. त्यात राळ घातली की ते थंड झाल्यावर कडक होते, पण वितळायला जास्त उष्णता मागते. पातेल्यात ते चार-साडेचार किलो असते. गेरू आणि काजळी त्यात घोटून झाली की ते फळीवर ओतायचे आणि लगेच दोघांनी दोन बाजूंनी फळी उचलायची. मेण थिजायच्या आत ते चारी कोपऱ्यांपर्यंत पोचले पाहिजे, म्हणून फळी कधी या अंगाला, कधी त्या अंगाला तिरपी करत राहायचे. सगळे मिळून वीस किलोच्या वर वजन, हात पसरलेले, कोपरे टेकवायला जागा नाही, आणि सर समोरून फक्त एकेका शब्दात बोलणार, “तुझ्याकडं. थांब. सरळ. थांब.” त्या दोन-तीन मिनिटांत खांद्यांत पेटते, मनगटे थरथरायला लागतात, आणि थरथर फळीत उतरली की मेणावर लहर उमटते. सरांचे वय तेव्हा पासष्टच्या पुढे होते. माझे हात आधी जात, त्यांचे कधी गेलेले मी पाहिले नाहीत. असे सहा-सात थर एकावर एक चढत आणि प्रत्येक थर खालच्याला चिकटावा म्हणून गॅसच्या बत्तीने वरून वितळवून घ्यावा लागे, तेही उकिडवे बसून, चौकोनाच्या कडेकडेने सरकत.

आणि हे सगळे पहाटे तीन ते सहा या वेळात. त्याचे एक कारण आपला उन्हाळा. एप्रिल उजाडला की दुपारी पत्र्याखाली मेण थिजतच नाही, बोट लावले तर खळगा पडतो. डिसेंबरात उलट ते इतके झटकन आकसते की फळीपासून सुटून येते. दुसरे कारण स्पिरिट. त्याची ज्योत फिकट निळी असते आणि दिवसाच्या उजेडात जवळजवळ दिसतच नाही. हे आम्ही पहिल्या वर्षी शिकलो. सकाळचे नऊ वाजले असतील, शेडचे दार उघडे होते, ऊन आत आले होते. सरांनी लाखेचा हात फिरवून तो पेटवला, ज्योत विझली असे त्यांना वाटले आणि त्यांनी ब्रश पुन्हा मगात बुडवून फळीवर टेकवला. ज्योत विझलेली नव्हती. ती ब्रशवरून मगात गेली आणि मगावरून त्यांच्या बाहीवर. मला आग दिसलीच नाही. मला दिसले ते त्यांच्या मनगटावरची हवा हलताना, डांबरी रस्त्यावर मे महिन्यात हलते तशी. ओले बारदान शेजारीच होते, ते मी त्यांच्या हातावर टाकले आणि मगावर ताटली दाबली. मनगटापासून कोपरापर्यंत कातडी गेली होती. पुढे बरेच दिवस त्यांना तो हात पाण्याखाली धरवत नसे. २०१६च्या दुष्काळात, जेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी येत होते आणि आमच्याकडे पिंपांना कुलपे लागली होती, तेव्हापासून शेडमध्ये पाण्याऐवजी वाळूच्या बादल्या होत्या. ते योग्यच होते. पेटलेल्या मेणावर पाणी टाकले तर पाण्याची क्षणात वाफ होते आणि जळते मेण चहूकडे उडते. हे ठाऊक असलेली दोन माणसे स्पिरिटच्या बाबतीत मात्र गाफील राहिली.

हात बरा झाल्यावर मी सरांना इव्ह क्लाइन या फ्रेंच चित्रकाराविषयी सांगितले. १९६१ मध्ये पॅरिसजवळच्या एका गॅस-प्रयोगकेंद्रात तो मोठी ज्वालाफेकी बत्ती हातात घेऊन पुठ्ठ्यांवर आगीने चित्रे काढत असे. सरांनी त्याच्या चित्रांविषयी काही विचारले नाही. त्यांनी विचारले, “त्याच्या बाजूला कोण उभं असायचं?” मी म्हटले, पाण्याची नळी घेऊन अग्निशामक दलाचा माणूस. “मग तू उभी राहात जा,” ते म्हणाले. त्या दिवसापासून महिन्यातून दोन शनिवार मी मुक्कामाला जाऊ लागले.

पेटवण्याची ती वेळ मी आयुष्यात विसरणार नाही. लिटरभर स्पिरिटला पाव किलो चपडी, रात्रभर भिजवलेली, फडक्यातून गाळलेली. रुंद ब्रशने ती गार मेणावर एका दमात फिरवायची. मग थांबायचे. सगळी कसोटी या थांबण्यात आहे. लवकर पेटवले तर स्पिरिट भडकते, ज्वाला हातभर वर जाते आणि खालचे मेण उकळून सगळे गढूळ होते. उशीर झाला तर स्पिरिट उडून गेलेले असते आणि लाख नुसती तपकिरी पडून फोड धरते. मधली दोन-चार मिनिटे साधायची असतात, आणि तीही त्या दिवसाची हवा, वारा, ब्रशवर घेतलेला माल यांप्रमाणे रोज बदलतात. सर दिवा मालवत. अंधारात फळीवर वाकत, नाक वीतभर अंतरावर आणत आणि दीर्घ श्वास घेत. पुन्हा घेत. स्पिरिटचा तो थंड, टोचरा वास ओसरून खालून लाखेचा गोडसर वास वर यायला लागला की ते “हं” म्हणत आणि बत्ती लावत. निळी ज्योत फळीभर सरकत जाई, आणि तिच्या मागोमाग लाखेचा पापुद्रा आकसून तडकत जाई, आधी मोठ्या भेगा, मग त्यांना फुटलेल्या लहान, मग त्या लहानांना फुटलेल्या केसाएवढ्या, आणि भेगांमधून वितळलेले काळे-तांबडे मेण वर येई. ज्योत विझली की अंधारात नुसता तडतड आवाज राही. दिवा लावल्यावर समोर रान असे. मी पहिल्यांदा ते पाहिले तेव्हा नकळत खाली बसून भेगेत बोट घातले होते.

मास्क मी आणून दिला होता. साधा कापडी नव्हे, दोन्ही गालांवर काळ्या डब्या असलेला, रसायनांची वाफ शोषून घेणारा. तो शेडमधल्या खिळ्याला टांगलेला असे आणि त्यावर काजळीचा थर बसे. मी रागावले की सर शांतपणे म्हणत, “पोरी, मास्क घातला की मला मेण काय म्हणतंय ते ऐकू येत नाही.” यात खोटे काहीच नव्हते. मेण जास्त तापले की त्यातून डोळ्यांत पाणी आणणारी, घसा खरवडणारी वाफ निघू लागते, आणि ती पहिल्या झुळकीलाच ओळखून सर पातेले उतरवत. त्यांच्याकडे थर्मामीटर नव्हता, घड्याळ नव्हते. नाक होते. ज्या वाफेपासून नाक झाकायला मी सांगत होते, त्याच वाफेवरून ते काम ओळखत होते. मला उत्तर सुचत नसे. खरे म्हणजे मला वाद घालायचाही नसे, कारण त्या “हं”वर माझाही जीव जडला होता. फळीवर वाकलेली ती पाठ आणि तो श्वास पाहायला मी दीड तासाची एसटी करून जात होते. आज ते आठवताना माझी मला चीड येते आणि त्याच वेळी ती पहाट पुन्हा मिळावी असेही वाटते.

रेणापूरजवळ गाठ उलगडल्यावर मी पुढच्याच रविवारी परत गेले. काकूंना आधीपासून ठाऊक होते. वर्ष-दीड वर्ष होत आले होते म्हणे. आधी भाजीत हिंग पडला की नाही ते कळेना, मग शिळ्या भाताचा वास कळेना, आणि एकदा गॅसची नळी सैल होऊन गळत होती तरी ते शेजारी पेपर वाचत बसले होते. “मला म्हणाले, तिला सांगू नको, ती येणं बंद करंल.” काकू हे सांगताना ज्वारीचे पीठ मळत होत्या आणि त्यांनी मान वर केली नाही. लातूरला नाक-कान-घसा तज्ज्ञांनी तपासले. वयाने वास कमी होतो, करोनानेही अनेकांचा गेला, आणि वर्षानुवर्षे घेतलेल्या वाफांनी नाकातली ती नाजूक त्वचा बोथट होऊ शकते. यातले नेमके काय, ते आता सांगता येणार नाही, असे ते म्हणाले. सरांनी एवढेच विचारले, “लाखेचा तरी येईल का?”

त्या संध्याकाळी शेडमध्ये बसलो असताना ते अजिंठ्याविषयी बोलले. नववीत असताना त्यांनी आमची सहल नेली होती आणि लेण्यात भिंतीवरचा पिवळट, चकाकणारा थर दाखवला होता. १९२० ते २२ च्या दरम्यान निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ आणले, त्यांनी सुटणारे पोपडे बसवले आणि वरून लाखेचा हात दिला. चित्रे वाचली, पण लाख पिवळी पडत गेली, तिने धूळ धरली आणि चेहरे तिच्याखाली दडले. पुढच्या लोकांना ती थराथराने काढत बसावे लागले. त्याआधीची गोष्टही सरांनी तेव्हा सांगितली होती. रॉबर्ट गिल या इंग्रज चित्रकाराने वर्षानुवर्षे त्या लेण्यांत बसून तैलरंगात नकला केल्या, त्यांतल्या बहुतेक १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. स्कूलच्या ग्रिफिथ्सने १८७२ पासून विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यांतल्याही पुष्कळ १८८५ मध्ये लंडनलाच जळाल्या. चिखल, भाताचे तूस, चुना आणि खळीत कालवलेली माती एवढ्यावर उभी असलेली मूळ चित्रे मात्र डोंगरात तशीच राहिली. “आपण त्यांच्याच मातीतले,” सर म्हणाले, “आणि मी सगळी पेट घेणारी वस्तू निवडली.” खेद होता की नुसती नोंद होती, ते मला त्यांच्या आवाजावरून ठरवता आले नाही.

चित्र अजून पुरे झालेले नाही. अंबाजोगाईत राहणाऱ्या माणसाने मोठे काही करायचे म्हटले की इथल्या संतकवी दासोपंतांची पासोडी डोळ्यांसमोर येतेच. सुमारे चाळीस फूट लांब आणि चार फूट रुंद कापडावर त्यांनी पंचीकरण हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहिला. रोज एका ढब्बूची, म्हणजे तांब्याच्या एका जुन्या नाण्याची, शाई ते लिहून संपवत, असे आमच्याकडे अजून सांगतात. सरांच्या रानाचे माप त्यावरूनच आले आहे. चार फुटी दहा चौकोन, एकापुढे एक. सात झाले होते. आठव्याच्या वेळी सरांनी खिळ्यावरचा मास्क स्वतः काढला, काजळी पुसली आणि पट्टे आवळले. मी एक थर्मामीटर नेला होता, तो पातेल्यात सोडला. मेणाचे झाले, ओतणे झाले, तिरपे करणे झाले. लाखेचा हात फिरवल्यावर त्यांनी दिवा मालवला आणि मास्कमधून घुमणाऱ्या आवाजात म्हणाले, “आता तू.”

मी वाकले. दुसरा मास्क होता, तो मी कपाळावर सरकवला होता, आणि त्याबद्दल सर मला काही बोलले नाहीत. काय सांगू त्यांना? आपल्याकडे शब्द काही कमी नाहीत, खमंग, खरपूस, करपट, कुबट, खवट, ओशट, उग्र, पण या वासाला त्यांतला एकही पुरेना. स्पिरिट, मी म्हटले, अजून स्पिरिटच. मग म्हटले, पातळ झालं. मग कितीतरी वेळ काहीच नाही, आणि मग अचानक वडिलांचे टेबल, सुतळी, पितळी शिक्का. “पोस्ट,” मी म्हणाले. सरांना ते कळले. बत्ती लागली. मला वाटते, थोडा उशीर झाला होता. एका कोपऱ्यात लाख नुसती फोड धरून राहिली आणि भेगा पडल्याच नाहीत. दिवा लावल्यावर सर त्या कोपऱ्याकडे बराच वेळ पाहत होते. मी म्हटले, खरवडून पुन्हा करू. ते म्हणाले, नको, रानात असा तुकडा असतो, जिथं पाटाचं पाणी झिरपलेलं असतं.

डॉक्टरांनी चार वास दिले आहेत. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग. सकाळ-संध्याकाळ एकेक डबी नाकाखाली धरायची, वीसेक सेकंद, मन त्या वासाच्या आठवणीवर ठेवून, आणि हे निदान तीन महिने करायचे. काहींचा वास थोडा परततो, काहींचा परतत नाही. काकूंनी औषधांच्या रिकाम्या डब्या धुऊन चार डब्या केल्या आणि मी शाळेच्या वहीत रकाने आखले. मागच्या रविवारी मी पोचले तेव्हा सर ओसरीवर मांडी घालून बसले होते, डोळे मिटलेले, पाठ ताठ, आणि काकू डब्या धरत होत्या. मला पाहून काकूंनी डबी माझ्या हातात दिली आणि त्या आत गेल्या. गुलाब धरला. त्यांनी मान हलवली. निलगिरी धरली. “गार लागलं,” ते म्हणाले. लवंग धरली. त्यांनी दीर्घ श्वास घेतला, शेडमध्ये घेत तसा, पुन्हा घेतला आणि त्यांच्या कपाळावर आठी उमटली.

“आला?” मी विचारले.

“वास नाही आला. टोचलं.”

“वहीत काय लिहू, सर?”

“टोचलं असं लिही. आणि लिंबू दे.”